गल्लीतला जुगार : पोलिसांना कधी, कसे आणि काय सांगायचे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोपऱ्यावरच्या बंद दुकानाच्या कट्ट्यावर डाव बसतो. एक घर म्हणते, "११२ला फोन लावा." समोरचे घर म्हणते, "आपलीच पोरं आहेत, पोलिसांच्या तोंडी कशाला देता?" तिसरे म्हणते, "करायचा तर करा, पण आमचं नाव मधे आणू नका." फोन होवो न होवो, पाणी सोडायच्या दिवशी नळावर बायका एकमेकींकडे पाठ करून उभ्या राहतात आणि दुसऱ्या संध्याकाळी डाव पुन्हा तिथेच बसतो. सोलापुरात जुन्या पेठांपासून हद्दवाढ भागातल्या नव्या नगरांपर्यंत हा वाद सारखाच आहे.

आमचे म्हणणे असे की, फोन करायचा की नाही यावर भांडण्याआधी तिथे नेमके काय चालले आहे ते ओळखावे. ज्या डावातून कोणीतरी धंदा करतो तो पोलिसांना कळवलाच पाहिजे, त्यात "आपली पोरं" हा मुद्दा येत नाही. मात्र कळवण्याची रीत चुकली तर धंदेवाला सुटतो, पोरे अडकतात आणि गल्ली दुभंगते. गेल्या कित्येक वर्षांत नेमके हेच होत आले आहे.

जुगार या एका शब्दाखाली आपण तीन वेगळ्या गोष्टी घालतो. पहिली म्हणजे पारावर किंवा समाजमंदिराच्या पायरीवर चार म्हातारे मेंढीकोट नाहीतर रमी खेळत बसतात ती. पैसा नाही, तर जुगार नाही. आरडाओरडा होत असेल तर तो आरडाओरड्याचा प्रश्न आहे, तो बसून सुटतो. महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक अधिनियम १८८७ चा आहे आणि त्याच्या कलम १३ प्रमाणे निव्वळ कौशल्याच्या खेळाला तो कायदा लागूच होत नाही. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली म्हटले. त्याच निकालात दोन गोष्टी आणखी आहेत, त्या मात्र कोणी सांगत नाही. तीन पानांचा खेळ निव्वळ नशिबाचा आहे ही एक. आणि रमीच्या डावातूनही जागेचा मालक किंवा क्लबवाला स्वतःसाठी नफा काढत असेल तर गुन्हा होऊ शकतो ही दुसरी.

हा नफा म्हणजेच नाल. दुसऱ्या प्रकारचा डाव ओळखायची खूण ती. मन्ना असो, तीन पत्ती असो, अंदर-बाहर असो, लांबून पाहिले तरी दिसते की दर डावाला एक हात मधल्या पैशांतून नोट उचलतो आणि तो हात पत्ते खेळत नाही. चटई त्याची, पत्ते त्याचे, चहा-गुटखा त्याच्याकडून, आणि गल्लीच्या दोन्ही तोंडांना उभी केलेली पोरेही त्याचीच. हिशेब करून पाहा. सहा जण बसले, एका डावात सरासरी २०० रुपये मधे पडले आणि त्यातून १० रुपये नाल निघाली असे धरू. तासाला ३० डाव झाले की ३०० रुपये झाले, चार तासांत १,२००. हे पैसे सहा जणांच्याच खिशातले. कोण जिंकले, कोण हरले याला अर्थ राहत नाही, कारण रात्री उठताना सहा जण मिळून १,२०० रुपयांनी हलके झालेले असतात. ज्या घरात बाई दिवसभर पाटीवर वाकून हजार विड्या वळते, त्या घरात हा आकडा काय आहे ते वेगळे सांगायला नको.

तिसरा प्रकार मटक्याचा. तो डोळ्यांत भरत नाही, म्हणून त्यावर वाद कमी होतो, पण घरे जास्त बसतात ती यानेच. पानटपरीवर चॉकलेटच्या बरण्या असतात, मागे भिंतीला टेकून एक जण उभा असतो आणि सिगारेटच्या पाकिटातल्या कागदाच्या बोटभर तुकड्यावर दोन-चार आकडे लिहून देतो. तीन पानांची बेरीज करून शेवटचा अंक घ्यायचा, ३, ५, ८ आले तर बेरीज १६, म्हणून अंक ६. हा ओपन. नंतर तसाच क्लोज. दोन्ही मिळून जोडी. एका अंकाला सर्वसाधारण भाव एकास नऊ, जोडीला एकास नव्वद. अंक दहा आहेत आणि मिळतात नऊ पट, जोड्या शंभर आहेत आणि मिळतात नव्वद पट. म्हणजे आकडा प्रामाणिकपणे निघाला तरी लावलेल्या प्रत्येक रुपयामागे सरासरी दहा पैसे जातात. "दहाच पैसे ना?" असे वाटते. पण जिंकलेले पैसे कोणी घरी नेत नाही, ते पुन्हा लावले जातात. शंभर रुपये असे दहा वेळा फिरले की सरासरीने ३५ उरतात. हे गणित दहावीच्या मुलालाही करता येईल. ते घराघरांत करून दाखवावे असे आम्हाला फार वाटते, कारण आकडा लावणाऱ्याला आपले नशीब वाईट आहे असे वाटत राहते आणि मुळात भावच तोट्याचा ठेवला आहे हे त्याच्या लक्षात येत नाही. आता चिठ्ठीची जागा व्हॉट्सअॅपने आणि रोखीची जागा यूपीआयने घेतली आहे, एवढाच बदल.

आता तोच १८८७ चा कायदा. रस्त्यावर किंवा लोकांची ये-जा असलेल्या कोणत्याही जागी जुगार खेळताना दिसलेल्याला पोलीस कलम १२ च्या खंड (अ) खाली वॉरंटशिवाय पकडू शकतात. तिथे हजर राहून मदत करणाराही, म्हणजे राखणीला उभा असलेलासुद्धा, अडकू शकतो. 'जुगार' या शब्दाची कलम ३ मधली व्याख्या रुंद आहे. पैज गोळा करणे, लोकांना लावायला सांगणे, जिंकलेले पैसे वाटणे हे सगळे जुगारच, त्यामुळे टपरीवर चिठ्ठी घेणारा स्वतः एक रुपयाही लावत नसला तरी सुटत नाही. बंद खोलीतल्या अड्ड्याला कलम ४ आणि ५ लागते. ४ अड्डा चालवणाऱ्याला, ५ तिथे सापडलेल्याला.

इथे एक बारकावा आहे, आणि अर्ध्या भांडणाचे मूळ त्यात आहे. रस्त्यावरचा डाव कोणताही पोलीस मोडू शकतो. बंद खोलीत शिरायचे तर कलम ६ आड येते. जिथे पोलीस आयुक्तालय आहे, जसे आपल्या शहरात, तिथे उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारी लागतो आणि त्याच्याकडे आयुक्तांचे विशेष वॉरंट किंवा लेखी सर्वसाधारण अधिकार असावा लागतो. म्हणून ११२ वर आलेले दोन अंमलदार दार वाजवतात, आतून "कुणी नाही साहेब" ऐकतात आणि निघून जातात. खिडकीतून बघणारा शेजारी म्हणतो, "खाल्ले पैसे." कधी ते खरेही असेल, पण बहुतेक वेळा त्या अंमलदाराला आत जायचा अधिकारच नसतो. बंद खोलीच्या अड्ड्यासाठी ११२ हा रस्ता नाही. त्याला लेखी अर्ज लागतो, त्यावरून वॉरंट निघते. रीतसर छापा पडून पत्ते, चिठ्ठ्या, हिशेबाची वही सापडली की कलम ७ प्रमाणे ती जागा अड्डाच आहे असे न्यायालय धरून चालते आणि तसे नाही हे दाखवायची जबाबदारी समोरच्यावर पडते. अपुऱ्या तयारीने दार वाजवले गेले की हा पुरावाच हातचा जातो. दुसऱ्या दिवशी अड्डा दोन गल्ल्या पलीकडे गेलेला असतो.

"पोरांचं आयुष्य बरबाद होईल" हे जे शेजारी म्हणतात त्यांना नावे ठेवू नयेत. त्यांची भीती अर्धी खरी आहे. अठरा पूर्ण झालेल्या मुलावर गुन्हा दाखल झाला तर पोलीस भरतीत, नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत तो पुढे येतो. पकडल्याच्या दिवशी तो जामिनावर घरी आला तरी खटल्याच्या तारखा राहतात. अठराच्या आतल्या मुलाचे वेगळे आहे. बाल न्याय अधिनियम २०१५ आणि त्याच्या नियमांप्रमाणे अशा किरकोळ गुन्ह्यात मुलावर सहसा एफआयआर होत नाही, ठाण्याच्या डायरीत नोंद होऊन बाल कल्याण पोलीस अधिकारी घरच्यांना बोलावतो. मोठ्या माणसांच्या डावात तो सापडला तर एफआयआर होऊ शकते, पण तरीही कलम २४ प्रमाणे त्या गोष्टीमुळे पुढे आयुष्यात त्याची कुठली अपात्रता ठरत नाही. आणि त्याच कायद्याच्या कलम ८३ मध्ये जे आहे ते आमच्या मते प्रत्येक अड्डेवाल्याला ऐकवले पाहिजे: बेकायदा कामासाठी मुलांचा वापर करणाऱ्या मोठ्या माणसाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड. गल्लीच्या तोंडाशी शिट्टी मारायला उभा केलेला बारा वर्षांचा पोरगा म्हणजे हाच वापर. तक्रारीत ही एक ओळ असली की अर्जाकडे पाहायची नजरच बदलते. मूल अशा कामाला लावले आहे हे १०९८ वरही कळवता येते.

म्हणून पोरे दोन-चार रुपयांवर स्वतःच खेळत असतील, नाल काढणारा कोणी नसेल, तर आधी घरच्यांना सांगावे. त्या घरात ज्याचा शब्द चालतो त्याच्याकडून सांगावे, म्हणजे मुलाचा मामा, समाजाचे पंच, मंडळाचा अध्यक्ष, शाळेचे जुने मास्तर. आणि वरच्या खिडकीतून ओरडून सांगू नये, घरी जाऊन सांगावे. दोनदा सांगून पाहावे. तिसऱ्यांदा तोच डाव मोठा होऊन, नवी अनोळखी माणसे घेऊन बसला, तर तो पोरांचा राहिलेला नाही असे समजावे. बाहेरची माणसे मोटारसायकली लावून गल्लीत येऊन बसू लागली ही फार स्पष्ट खूण असते.

धंद्याच्या बाबतीत मात्र "आधी समजावून सांगू" असे कोणी म्हणू नये. अड्डेवाल्याला समजावायला गेलेला माणूस त्याच्या नजरेत राहतो, नंतर फोन कोणीही केला तरी त्याचेच नाव घेतले जाते.

नाव फुटण्याची भीती हाच खरा अडसर, म्हणून त्याबद्दल सविस्तर. ११२ ला केलेला फोन सोलापुरात उचलला जात नाही, तो राज्याच्या नियंत्रण कक्षात जातो आणि तिथून इथल्या गस्तीच्या गाडीकडे निरोप येतो. फोन करणाऱ्याचा नंबर सोबत येतो. गाडी गल्लीच्या तोंडाशी आली आणि पत्ता सापडला नाही की अंमलदार त्याच नंबरवर फोन लावतो, "कुठंय हो?" डावापासून दहा फुटांवर, उघड्या खिडकीत, त्याच क्षणी फोन वाजतो. नाव बहुतेक वेळा फुटते ते असे, कोणी मुद्दाम फोडलेले नसते. उपाय साधा आहे. पत्ता पहिल्यांदाच इतका नेमका सांगायचा की परत विचारावे लागू नये, "मला परत फोन करू नका, घरी येऊ नका" असे स्पष्ट म्हणायचे आणि फोन ठेवल्याबरोबर आवाज बंद करायचा. मारुतीचे देऊळ, चक्की, शाळा असे खुणेचे ठिकाण, त्यापासून कितवी गल्ली, डाव्या हाताला की उजव्या, कितव्या घरासमोर. गल्लीचे फक्त बोलीतले नाव सांगून भागत नाही, कारण ऐकणारा माणूस सोलापूरचा नसतो. पेठ, मोठा चौक आणि शहराचे नाव तिन्ही सांगावे. घरात तेलुगू किंवा कन्नडच सफाईने बोलणारे वडीलधारे असतील तर फोनवर मराठी किंवा हिंदी बोलणाऱ्याने बोलावे, घाईत शब्द अडखळले की पत्ता चुकतो.

दुसरी गोष्ट फारच थोड्यांना माहीत असते. जुगाराच्या छाप्यात फिर्यादी शेजारी नसतो. छाप्यात हजर असलेला पोलीस सरकारतर्फे फिर्याद देतो, साक्षही त्याची आणि पंचांची. खबर देणाऱ्याला न्यायालयात उभे राहावे लागत नाही. खबर कोणाकडून मिळाली हे सांगायला पोलीस अधिकाऱ्यावर सक्ती करता येत नाही, अशी तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम १३१ मध्ये आहे, जुन्या कायद्यातही ती होती. माहिती अधिकारात अर्ज टाकून तक्रारदाराचे नाव काढू अशी धमकी दिली जाते. त्या कायद्याच्या कलम ८(१)(छ) प्रमाणे कायद्याच्या कामासाठी विश्वासाने दिलेल्या माहितीचा स्रोत ओळखता येईल अशी माहिती नाकारता येते. पंच होण्याची भीतीही अनेकांना असते. त्याच वस्तीतला माणूस मिळत नसेल किंवा तयार नसेल तर पोलिसांना दुसऱ्या भागातला पंच घेता येतो. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे झडती-जप्तीचे चित्रीकरण करावेच लागते.

आता छापे का फसतात ते पाहू. दिवे लावून, भोंगा वाजवत गाडी मुख्य रस्त्याने येते. तोंडावरचे पोरगे शिट्टी मारते. पत्ते गटारात, पैसे ज्याच्या त्याच्या खिशात, चटई गुंडाळून मागच्या बोळातून गायब. पोलीस पोचतात तेव्हा कट्ट्यावर दोन-तीन विजोड चपला आणि विझायला आलेली सिगारेट. रस्त्यावरच्या डावात माणूस खेळताना सापडावा लागतो, मधे पडलेले पैसे आणि पत्ते एकत्र जप्त व्हावे लागतात. नुसती पाच माणसे उभी दिसली म्हणून गुन्हा होत नाही. म्हणून खबर देताना "जुगार चालू आहे" एवढेच सांगून उपयोग नाही. किती जण आहेत, किती वाजता बसतात आणि कधी रंगात येतात, राखणीला कोण कुठल्या तोंडाला असते, मागून निघायला बोळ आहे का आणि तो कुठे उघडतो, पत्ते-पैसे कुणाच्या हातात असतात, चिठ्ठ्यांचा गठ्ठा टपरीत कुठे ठेवतात. आठवड्याचा पगार ज्या दिवशी होतो त्या संध्याकाळी गर्दी असते, तेही सांगावे. एवढे मिळाले की साध्या कपड्यातले चार जण दोन बाजूंनी येऊ शकतात. ही माहिती आठ दिवस घरातून, नेहमीच्या येण्याजाण्यात दिसेल तेवढीच टिपायची. पाळत ठेवायला म्हणून जाऊन उभे राहायचे नाही.

मोबाइलवर चित्रीकरण करून गल्लीच्या ग्रुपवर टाकायचे तर मुळीच नाही. एक तर ते पाच मिनिटांत अड्डेवाल्याकडे पोचते आणि कोणत्या खिडकीतून काढले हे कोनावरून कळते. दुसरे, त्यात मुलाचा चेहरा असेल तर कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलाची ओळख उघड करणे हा बाल न्याय कायद्यात स्वतंत्र गुन्हा आहे. चित्रीकरण असलेच तर ते अर्जासोबत अधिकाऱ्याच्या हातात द्यावे. तरुणांनी एकत्र येऊन डाव उधळून लावणे, टपरी उलथवणे हेही करू नये. त्या क्षणी गुन्हा त्यांच्यावर होतो, आणि अड्डेवाला फिर्यादी बनतो.

लेखी अर्जाचा भरवसा फोनपेक्षा जास्त. आपल्या शहर आयुक्तालयात फौजदार चावडी, जेल रोड, सदर बझार, विजापूर नाका, सलगर वस्ती, एमआयडीसी आणि जोडभावी पेठ अशी सात ठाणी आहेत. आपली गल्ली कुणाच्या हद्दीत हे आधी पाहावे, दोन ठाण्यांच्या सीमेवरचे अड्डे जास्त टिकतात ते उगीच नाही. कुंभारीच्या बाजूला तर शहर आणि ग्रामीण पोलिसांची हद्द लागून आहे, तिथे अर्जाची प्रत दोन्हीकडे द्यावी. अर्ज एका पानाचा असावा. ठिकाण, दिवस, वेळ, धंद्याचा प्रकार, चालवणारा माहीत असल्यास तो, मुलांचा वापर होत असल्यास ते. ऐकीव गोष्टी, जात, धर्म, जुनी भांडणे यातले काही येऊ देऊ नये. एकट्याने सही करण्यापेक्षा मंडळाच्या, बचत गटाच्या किंवा सोसायटीच्या लेटरहेडवर दहा-पंधरा सह्या असाव्यात, त्यात बायकांच्या निम्म्या तरी. पंधरा सह्यांतून एका घराला कोणी वेगळे काढू शकत नाही. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नये. तोंडी सांगितलेल्याची पोच नसते, आणि पोच नसली की पुढचे सगळे रस्ते बंद होतात.

पंधरा दिवसांत फरक पडला नाही तर त्या पोचेची झेरॉक्स जोडून पोलीस आयुक्तांकडे अर्ज करावा. हप्ता चालतो असा ठोस संशय असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे, पण तिथेही कोण, कधी, कुठे हे सांगता आले पाहिजे. नुसते "सगळे मिळालेले आहेत" म्हणून कोणी काही करू शकत नाही. माहिती अधिकाराचा अर्जही उपयोगी पडतो: आपल्या ठाण्याच्या हद्दीत गेल्या वर्षभरात जुगाराचे किती गुन्हे, कोणत्या कलमाखाली, त्यात कलम ४ खाली किती. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत, उत्तराला ३० दिवस. उत्तरात १२ आणि ५ चे गुन्हे भरपूर आणि ४ चे नाममात्र निघाले, तर खेळणारे पकडले जातात आणि चालवणारे सुटतात हे कागदावर येते. मग पुढचे निवेदन त्या कागदासह देता येते.

चालवणाऱ्यासाठी आता कायद्याचे हात लांब झाले आहेत. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११२ मध्ये टोळीने केलेला अनधिकृत सट्टा-जुगार हा 'छोटा संघटित गुन्हा' ठरतो, शिक्षा किमान एक वर्ष, कमाल सात. फोनचा आणि या कलमाचा आकडा एकच, लक्षात ठेवायला सोपा. वारंवार शिक्षा झालेल्याला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली दोन वर्षांपर्यंत तडीपार करता येते. अर्जात "चालवणाऱ्यावर छोट्या संघटित गुन्ह्याची आणि हद्दपारीची कारवाई व्हावी" असे स्पष्ट मागावे. न मागितलेले सहसा होत नाही, आणि दर छाप्यात पाच यंत्रमाग कामगार दंड भरून परत येतात, टपरी चार दिवसांनी उघडते.

महापालिकेचे कामही यात आहे. डाव जिथे बसतो तिथे बहुतेक वेळा खांबावरचा दिवा बंद असतो. झोन कार्यालयात खांबाचा क्रमांक देऊन तक्रार करावी, दिवा लागला की निम्मे डाव उठतात. फुटपाथवरच्या बेकायदा टपरीची तक्रार अतिक्रमण विभागाकडे वेगळी द्यावी. जुगार सिद्ध करायला वेळ लागतो, टपरी बेकायदा आहे हे कागदावर लगेच दिसते.

संपादक महोदय, यात वर्तमानपत्रांकडे आमचे एक मागणे आहे. जुगाराच्या छाप्याची बातमी येते तेव्हा सात-आठ कामगारांची नावे, गावे, वये छापली जातात आणि जप्त रक्कम. कलम मात्र अनेकदा "जुगार कायद्यान्वये" एवढेच. कलम १२ की ५ की ४, न्याय संहितेचे ११२ लावले की नाही, अड्डा कुणाच्या जागेत होता आणि त्याला आरोपी केले का, ही चार उत्तरे प्रत्येक बातमीत यावीत. आणि "परिसरातील एका रहिवाशाने दिलेल्या माहितीवरून" हे वाक्य कृपया वगळावे. आठ घरांच्या बोळात तो रहिवासी कोण हे वाचून दहा मिनिटांत ठरवले जाते. "मिळालेल्या माहितीवरून" एवढे पुरे आहे.

आपले,
पूर्व भागातील काही रहिवासी, सोलापूर
(नावे व पत्ते संपादकांकडे दिले आहेत, प्रसिद्ध करू नयेत.)